बेसिनचं पाणी उतरायला चार मिनिटं! सोडा, व्हिनेगर, गरम पाणी सगळं करून झालं

निवांतपणा
शनिवार, सकाळी ८:५२

मंडळी, बाथरूममधल्या बेसिनने तीन आठवडे पिडलंय. नळ सोडला की पाणी खाली जायच्या ऐवजी वर चढायला लागतं, आणि दात घासून होईपर्यंत स्वतःच्याच फेसात हात बुचकळायची वेळ येते. काल रागाच्या भरात मोजलंच. बूच लावून बेसिन निम्मं भरलं, बूच काढलं, फोनवर वेळ लावली. चार मिनिटं दहा सेकंद! पूर्वी अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तेच पुन्हा सुचवणार नाही कुणी. आधी पातेलंभर गरम पाणी ओतलं. मग खाण्याचा सोडा आणि वरून व्हिनेगर. फेस असा काही उसळला की वाटलं, झालं काम. पाणी तिथल्या तिथे. मग तोच प्रयोग दुप्पट मापाने केला (हसू नका). मग जाळीतून तार घालून ढवळलं, चार केस आले.

बेसिन साधंच आहे, चिनी मातीचं, भिंतीवर बसवलेलं. वरच्या कडेला ते जादा पाणी जायचं भोक आहे. खाली बाटलीसारखा प्लास्टिकचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवतो तो भाग) आणि तिथून घड्याघड्यांचा पांढरा पाइप भिंतीत जातो. बाथरूममधलं बाकी पाणी मस्त जातंय. प्लंबर दोनदा "निघालोच" म्हणाला, अजून वाटेतच आहे. स्वतः उघडायची भीती वाटते. बल्ब बदलण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही.

ती ड्रेन साफ करायची पावडर मिळते, ती टाकू का?

काठावरचा
शनिवार, सकाळी ९:०५

टाका बिनधास्त. रात्री टाकायची, सकाळी नळ सोडायचा. मी दर महिन्याला टाकतो, काही होत नाही.

दहा_नंबरी_पाना
शनिवार, सकाळी ९:३१

काठावरचा, दर महिन्याला टाकावी लागते म्हणताय, यातच आलं की सगळं. :)

निवांतपणा, पावडर तूर्त बाजूला ठेवा. आधी दोन प्रश्न. पहिला: हे हळूहळू वाढत गेलं, की एके दिवशी अचानक सुरू झालं? दुसरा: पाणी संपता संपता गुडगुड असा आवाज येतो का?

बाकी तीन ठिकाणं लक्षात ठेवा, बेसिन तुंबतं ते या तिन्हींपैकी एका जागी. पहिली जागा जाळीच्या लगेच खाली. कपलिंगमध्ये, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेल्या नळीत, आडव्या पट्ट्यांची फुली असते, तिला केस गुंडाळतात आणि साबणाने त्याची चांगली वेणी वळली जाते. दहापैकी सहा-सात वेळा चोर तिथेच सापडतो (माझा अंदाज, कुठली पाहणी नव्हे). दुसरी जागा ट्रॅपचा तळ. तिसरी ट्रॅपच्या पुढचा पाइप. तुमची तार पहिल्या जागेत जेमतेम शिरली, चार केस आले म्हणजे चाळीस आत आहेत.

परीक्षानळी
शनिवार, सकाळी १०:१४

सोडा-व्हिनेगरबद्दल मला बोलू द्या, खूप दिवसांपासून पोटात आहे.

खाण्याचा सोडा हा सौम्य अल्कली आणि व्हिनेगर म्हणजे साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल. दोघं एकमेकांना मारतात. उरतं काय, तर सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. फेस दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की आत जोरदार कारवाई सुरू आहे. पण बेसिनचं तोंड उघडं असतं, वायू वरच्या वर निघून जातो. त्याचा दाब पडून केसांचा गोळा हलेल हे विसरा. दुप्पट मापाने केलंत तर दुप्पट फेस, बस.

मुळात आत असतं काय? केस, त्वचेचा मळ, टूथपेस्टमधली न विरघळणारी बारीक भुकटी, आणि साबणाचा साका. शाळेत "दुष्फेन पाणी" शिकलो होतो ते आठवतंय का? साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की त्यांचे न विरघळणारे क्षार होतात, तोच तो करडा, मेणचट थर. केस त्याला सळईचं काम देतात आणि साका सिमेंटचं. वर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, वास त्याचाच.

पावडरमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. तो खरंच काम करतो, हे नाकारत नाही. केसांतलं प्रथिन तोडतो, मेदाचा पुन्हा साबण करतो. पण पाण्यात पडला की तापतो. काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण असतात, त्यातून हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा नसेल तर डब्याचं झाकणसुद्धा उघडू नये असं माझं मत.

काठावरचा
शनिवार, सकाळी १०:२०

एवढं शिकून तुमचं बेसिन तुंबत नाही का मग? (हलके घ्या)

परीक्षानळी
शनिवार, सकाळी १०:२६

तुंबतं ना. मी शिकवणी घेतो आणि बायको ट्रॅप उघडते.

मुक्काम_पोस्ट
शनिवार, सकाळी ११:४०

पावडरीचा माझा अनुभव सांगते. ट्रॅपमध्ये पाणी अगदीच सरकत नव्हतं, तरी मी अर्धा डबा ओतला आणि वर थोडंसं पाणी टाकलं. सकाळी बघते तर आत दगड! अक्षरशः पांढरा दगड. पाणी कमी पडलं की ती पावडर आतल्या आत थिजते, हे नंतर कळलं. जो उघडायला आला त्याला मी सांगायला विसरले, आणि नट सैल करताच त्याच्या मनगटावर ते पाणी ओघळलं. भराभर नळाखाली हात धरला म्हणून थोडक्यात निभावलं, पण लाल चट्टा बरेच दिवस होता. मला अजून शरम वाटते त्याची.

तेव्हापासून नियम: आत काही ओतलं असेल तर उघडणाऱ्याला पहिलं वाक्य तेच सांगायचं.

आणि हो, केसांसाठी ती दातेरी प्लास्टिकची पट्टी मिळते ना, उलट्या काट्यांची, ती घ्या. जाळीतून आत सोडायची, गोल फिरवायची आणि हळू वर ओढायची. आमच्याकडे दोन मुली, केस कमरेपर्यंत. पहिल्यांदा ओढली तेव्हा जे बाहेर आलं त्याला नाव ठेवून पाळता आलं असतं.

परीक्षानळी
शनिवार, दुपारी १२:०२

मुक्काम_पोस्ट यांच्या प्रतिसादाला जोड. पावडरीने नाही झालं म्हणून वरून आम्ल ओतायचं, किंवा ब्लीच ओतायचं, हे कधीही करू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र आलं की क्लोरामाइन. बाथरूम छोटं, खिडकी त्याहून छोटी. कॉस्टिकवर आम्ल ओतलं तर इतकी उष्णता निघते की ते सगळं उसळून तोंडावर येऊ शकतं. आणि आत रसायन असताना रबरी पंप मारायचा नाही, तेच पाणी अंगावर उडतं.

निवांतपणा
शनिवार, दुपारी १:१८

बाप रे. पावडर रद्द.

पाना, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. आवाज येतो, अगदी शेवटी, गुडगुड नाही पण ढेकर दिल्यासारखा एकच. आणि आता विचार केला तर हळूहळू नाही झालं. बुधवारी ठीक होतं, शनिवारी तुंबलं होतं. मीच घरी म्हणालो होतो, "कालपर्यंत तर जात होतं."

रबरी पंप शेजाऱ्यांकडून आणून आत्ता पंधरा-वीस वेळा मारला. वरच्या भोकातून पाण्याची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर. बाकी फरक शून्य.

दहा_नंबरी_पाना
शनिवार, दुपारी १:३७

शर्टावर उडालं तेच तुमचं सगळं बळ. ते भोक आतल्या पोकळीतून थेट कपलिंगला जोडलेलं असतं. ते उघडं ठेवून पंप मारणं म्हणजे भोक पडलेल्या ट्यूबमध्ये हवा भरणं. ओलं फडकं त्या भोकात घट्ट कोंबा, कुणाला तरी धरायला सांगा. बेसिनमध्ये पंपाची वाटी बुडेल एवढं पाणी ठेवा. मग सरळ वर-खाली, आणि शेवटचा झटका ओढण्याचा. ढकलण्यापेक्षा ओढण्याने गोळा सुटतो, ढकलल्याने कधी कधी आणखी घट्ट बसतो.

पण मला तुमचं "बुधवारी ठीक होतं" जास्त महत्त्वाचं वाटतंय. केस आणि साका यांना घाई नसते. ते महिनोन्‌महिने साठतात, आणि तुम्हाला कळतं तेव्हाही रोज थोडं थोडं वाढत जातं. तीन दिवसांत अर्ध्या मिनिटाचे चार मिनिटं झाले तर एक तर आत काहीतरी पडलंय, नाही तर काहीतरी हललंय. टूथपेस्टचं झाकण, कंगव्याचा दात, असलं काही?

निवांतपणा
शनिवार, दुपारी २:१०

फडकं कोंबून मारला. या वेळी शर्ट वाचला. पण वेळ मोजली तर चार मिनिटं पाच सेकंद. पाच सेकंद कमावले!

झाकण पडलं असणं शक्य आहे, घरात सात वर्षांचा मुलगा आहे आणि तो कशालाच कबूल होत नाही.

चिवट
शनिवार, दुपारी ३:४५

मग ट्रॅप उघडाच. भिऊ नका, बाटलीचा ट्रॅप उघडणं म्हणजे बरणीचं झाकण उघडणं आहे. फक्त झाकण खाली आहे. बादली ठेवा, खालची वाटी हाताने फिरवा. हात घसरत असेल तर रबरी हातमोजा घाला. पाना लावून प्लास्टिक चिरडू नका.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. बादलीतलं घाण पाणी त्याच बेसिनमध्ये ओतू नका. हसताय, पण आम्ही सगळ्यांनी ओतलंय. हात आपोआप जातो.

दहा_नंबरी_पाना
शनिवार, दुपारी ४:०२

+१. आणि फिरवायची दिशा: खालून वर बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट. लोक वरून डोकावून फिरवतात आणि आणखी आवळून बसतात.

वाटी काढल्यावर आतली नळी दिसेल, ती एरवी पाण्यात बुडलेली असते. पाणी त्या नळीतून खाली येतं, वाटीत वर चढतं आणि बाजूच्या तोंडाने निघून जातं. वाटीतलं पाणी हाच वासाला अडवणारा पडदा, म्हणून वाटी परत लावायला विसरू नका. वाटीच्या वरच्या कडेला रबरी वायसर असतो, तो पाण्याबरोबर बादलीत जातो आणि मग लोक त्याच्याशिवाय आवळून "गळतंय, गळतंय" करतात.

परीक्षानळी
शनिवार, दुपारी ४:१५

अवांतर: वास अडवण्यासाठी नळी वाकवून तिच्यात पाणी अडवून ठेवायची युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश माणसाने १७७५ साली आपल्या फ्लशच्या संडासाच्या पेटंटमध्ये वापरली. पेशाने घड्याळजी होता. आपले धागाकर्तेही घड्याळ लावूनच बसलेत, म्हणून आठवलं.

निवांतपणा
रविवार, सकाळी १०:४०

उघडला! तपशीलवार लिहितो, कारण मला स्वतःचा अभिमान वाटतोय.

बेसिनखालचं रॅक ओढून बाहेर काढलं. गालिच्यासारखं जुनं फडकं पसरलं, बादली ठेवली, डोक्यावर टॉर्च बांधला. वाटी धरली आणि पूर्ण जोर लावून फिरवली. वरून डोकावून. होय. आणखी आवळली. मग पाना यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला, जमिनीवर पाठ टेकली आणि खालून बघत फिरवली. सुटली. पाणी बादलीत, थोडं बाहीत.

वाटीच्या तळाशी बोटभर राखाडी चिखल होता, हात लावला तर टूथपेस्टसारखाच पण कचकच लागणारा. त्यात दाढीचे बारीक केस, आणि हो, निळं झाकण. मुलाला दाखवलं, तो म्हणाला "हे माझं नाही." कपलिंगच्या फुलीला वेढलेली वेणीही खालून चिमट्याने ओढून काढली, करंगळीएवढी जाड. वास असा की मांजर खोलीतून निघून गेलं.

सगळं घासून धुतलं. आणि मग मी बादली उचलली आणि बेसिनमध्ये ओतली.

चिवट, तुम्ही सांगितलं होतंत. मला ते आठवलंही. ओतून झाल्यावर. सगळं पाणी पायांवर.

तर असो. वाटी लावली, वायसर लावला, बेसिन निम्मं भरलं, वेळ लावली. तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंद. म्हणजे एवढा उपद्व्याप करून पंचवीस सेकंद. मी आता खाली बसून हे टाइप करतोय आणि खरं सांगायचं तर रडू येतंय.

काठावरचा
रविवार, सकाळी १०:४८

पावडर... (जातो जातो, मारू नका)

दहा_नंबरी_पाना
रविवार, सकाळी ११:२०

रडू नका, तुम्ही तीनपैकी दोन जागा साफ केल्यात. राहिली एक. आता अंदाज नको, चाचणी करा.

वाटी पुन्हा काढा, बादली ठेवा, नळ पूर्ण सोडा. पाणी धबधबा बादलीत पडलं आणि बेसिनमध्ये अजिबात साठलं नाही, तर वरचं सगळं निर्दोष. नंतर घडीचा पाइप ट्रॅपपासून सोडवा, भिंतीकडचं टोक तसंच राहू द्या. सुटं तोंड वर धरून मगाने पाणी ओता. पाणी सहज गेलं पाहिजे. मागे आलं तर अडथळा पाइपात किंवा भिंतीत.

आणि एक विचारू? "बेसिनखालचं रॅक" म्हणालात. ते कधीपासून आहे तिथे?

निवांतपणा
रविवार, सकाळी ११:५२

पहिली चाचणी: बादलीत धो धो. बेसिनमध्ये थेंब साठला नाही.

दुसरी: अर्धा मग ओतला आणि पाइप काठोकाठ भरून आला.

रॅक... थांबा. रॅक आम्ही महिन्याभरापूर्वी आणलं. नाही, बायको म्हणतेय तीन आठवडे. गुरुवारी.

चिवट
रविवार, सकाळी ११:५५

गुरुवारी!!!

मुक्काम_पोस्ट
रविवार, दुपारी १२:०१

बुधवारी ठीक, शनिवारी तुंबलं. मी आता स्वयंपाक सोडून इथेच बसलेय.

दहा_नंबरी_पाना
रविवार, दुपारी १२:०९

झालं तर मग. भिंतीतून तो घडीचा पाइप हळूच बाहेर ओढा आणि किती आत होता ते मोजा.

निवांतपणा
रविवार, दुपारी १२:३४

वीत आणि वर चार बोटं. ओढतोय, ओढतोय, संपतच नाही! टोकाला केसांची चटई अडकलेली आणि टोक एका बाजूने चपटं झालेलं, काहीतरी टणक लागल्यासारखं.

दहा_नंबरी_पाना
रविवार, दुपारी १२:५८

ते टणक म्हणजे भिंतीतला बेंड. भिंतीत पाइप थोडं आत जाऊन खाली वळतो. तुमचा घडीचा पाइप बारीक, भिंतीतला मोठा, म्हणून हा आत सरकत जातो. दोन-अडीच इंच आत असला तरी पुरे. तुम्ही रॅक मागे रेटलंत, रॅकने पाइपाचं पोट रेटलं, पाइप आत सरकला आणि त्याचं तोंड बेंडच्या समोरच्या भिंतीला जाऊन चिकटलं. नळीच्या तोंडावर तळहात ठेवल्यासारखं. पाणी फटीफटीतून जायला लागलं आणि त्या फटींत केस अडकायला लागले. पावडर टाकली असतीत तर केस गेले असते, दोन दिवस बरं वाटलं असतं आणि पुन्हा तेच.

आता नीट बसवा. टोकाचा चपटा भाग धारदार सुरीने सरळ कापून टाका. पाइप आत दोन-अडीच इंचच घाला. आत किती गेला हे कळावं म्हणून बाहेर मार्करने रेघ मारून ठेवा. जिथे तो भिंतीत शिरतो तिथे रबरी कॉलर बसवा. ही कॉलर बहुतेक ठिकाणी नसतेच. ती दोन कामं करते, पाइप सरकू देत नाही आणि गटाराचा वास अडवते. ट्रॅप तर अलीकडे आहे, त्या फटीतून येणाऱ्या वासाला ट्रॅप काय करणार?

दुसरं, या घडीच्या पाइपांचं पोट लोंबतं. लोंबलं की तिथे पाणी कायम साठतं, घड्यांमध्ये गाळ बसतो. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत उतार हवा, मीटरला दोन सेंटिमीटर पुरतो. लांबी जास्त असेल तर कापा, वेटोळं घालून ठेवू नका. जमलं तर पुढेमागे आतून गुळगुळीत असलेला कडक पाइप लावून घ्या. घडीचा पाइप ही बसवणाऱ्याची सोय आहे, वापरणाऱ्याची नाही, असं माझं स्पष्ट मत.

ट्रॅपच्या नटाखाली शंकूसारखा वायसर असेल तर त्याची निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडाकडे आणि सपाट बाजू नटाकडे. हाताने आवळा, मग जेमतेम पाव फेरा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, इथे पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत.

वाचनमात्र
रविवार, दुपारी १:२५

पाच वर्षांत पहिलाच प्रतिसाद देतोय. आमच्याकडे ओट्यावर ठेवलेलं वाडग्यासारखं बेसिन आहे, नवं कोरं. केस नाहीत, गाळ नाही, ट्रॅप उघडून बघितला, रॅकही नाही. तरी पाणी थबकत थबकत जातं, आणि मध्येच एक मोठा बुडबुडा वर आला की भसकन जातं. हे काय?

दहा_नंबरी_पाना
रविवार, दुपारी १:५०

पाच वर्षं वाट बघून चांगला प्रश्न विचारलात. तुमच्या बेसिनला वरचं भोक नसणार. पाणी खाली जायचं तर पाइपातल्या हवेला बाहेर यायला जागा लागते. भोक असलेल्या बेसिनमध्ये ती हवा मागच्या दाराने निघते. तुमच्याकडे पाणी आणि हवा एकाच दारातून ये-जा करतात, म्हणून ती थबकथबक. बाटली एकदम उलटी केली तर पाणी जसं गचके खात पडतं, तसं. त्यातून वर दाबून उघडायचं झाकण असेल तर तोंड आणखी अरुंद. ते झाकण उलटं फिरवून काढून बघा, त्याने फरक पडला तर उघड्या जाळीचं कपलिंग लावून घ्या.

कपलिंग बदलताना एवढं बघा: भोक असलेल्या बेसिनला बाजूला खाचा असलेलं कपलिंग लागतं, त्या खाचांतूनच जादा पाणी आत येतं. भोक नसलेल्याला बिनखाचांचं. उलट बसवलं तर पहिल्यात जादा पाणी जायला वाट नाही, दुसऱ्यात गळती.

निवांतपणा
रविवार, दुपारी ३:१५

टोक कापलं, अडीच इंचावर रेघ मारली. कॉलर घरात नव्हती, तूर्त सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवलाय. पोट निघावं म्हणून पाइप आणखी हातभर कापला.

बेसिन निम्मं भरलं. घड्याळ लावलं. घरातले सगळे दारात उभे. बूच काढलं.

एकोणीस सेकंद! शेवटी तो भोवरा फिरला ना, मी तो तीन आठवड्यांनी बघितला. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. मुलाने तिसऱ्यांदा करायला लावलं.

प्रत्येक सांध्याखाली टिश्यूचा तुकडा ठेवलाय. वाटीखालचा कोरडा, नटाखालचा कोरडा, भिंतीकडचा कोरडा. रॅक बाहेर पॅसेजमध्ये आहे आणि त्यावरून घरात वेगळी चर्चा सुरू आहे.

परीक्षानळी
रविवार, दुपारी ३:३०

अभिनंदन! गरम पाण्याबद्दल तेवढं राहिलं. पीव्हीसी, म्हणजे या पाइपांचं प्लास्टिक, ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि सतत ६० च्या वरचं पाणी त्याला सोसत नाही. शिवाय गार चिनी मातीवर उकळतं पाणी पडलं तर ती तडकू शकते. साका सैल करायला हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम, एवढं पुरतं. तुमचं टोक चपटं झालं त्यात त्या पातेल्याचाही हात असेल कदाचित.

मुक्काम_पोस्ट
रविवार, दुपारी ३:४२

रॅकला मागची फळी आहे का? नसेल तर पाइपाच्या जागी दोन आडव्या पट्ट्या ठोका, म्हणजे ते रेटलं तरी पाइपापर्यंत जाणार नाही. नाही तर पुढच्या गुरुवारी पुन्हा धागा काढाल.

निवांतपणा
रविवार, दुपारी ४:०५

मागची फळी होती. जागा होत नव्हती म्हणून मीच काढली होती. त्याच गुरुवारी.

काठावरचा
सोमवार, रात्री ९:१०

तुमच्या सगळ्यांच्या नादाने आज आमचा ट्रॅप उघडला. दर महिन्याची पावडर का लागायची ते कळलं. पाइपाचं पोट इतकं लोंबलेलं की ट्रॅपनंतर दुसरा ट्रॅप तयार झालाय. कापून सरळ केला. डब्यात उरलेली पावडर कुठे टाकायची?

परीक्षानळी
सोमवार, रात्री ९:२२

झाकण घट्ट लावून कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. बेसिनमध्ये टाकू नका म्हणजे झालं.

वाचनमात्र
मंगळवार, सकाळी ७:५५

झाकण काढलं, फरक पडला. उघड्या जाळीचं कपलिंग आणतोय. किचनच्या सिंकलाही हेच लागू का?

दहा_नंबरी_पाना
मंगळवार, सकाळी ८:३०

नाही, तिथे तेल-तुपाचं प्रकरण वेगळं असतं. नवा धागा काढा. आणि बादली आंघोळीच्या जाळीवर ओता.